गोळी कुठे सुटली, कुठे लागली

हायाओ मियाझाकी यांचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ १२ जुलै १९९७ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि ‘टायटॅनिक’ येईपर्यंत तिथल्या तिकीटबारीवरून त्याला कोणी हलवू शकले नाही. जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवणारा तो पहिला ॲनिमेशनपट. २०२० मध्ये स्टुडिओ जिब्लीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले आणि आपल्याकडच्या छोट्या शहरांतही त्यांचा प्रेक्षक तयार झाला. या प्रेक्षकाला ‘यात एवढे काय आहे?’ असे विचारले तर उत्तरे ठरावीक येतात. जंगल सुंदर काढले आहे, जो हिसाइशींचे संगीत मनात घर करते, आणि चित्रपट निसर्ग वाचवण्याचा संदेश देतो. पहिल्या दोन उत्तरांशी भांडण नाही. तिसरे मात्र चित्रपटावर अन्याय करणारे आहे. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ एवढेच सांगायचे असते तर ते एसटीच्या पाठीवरही मावते. या चित्रपटाची ओढ दुसरीकडे आहे. एका धंद्यातून कोणाचे पोट भरते, कोणाचे अंग सडते आणि या दोघांची गाठ कधी पडते का, याचा हिशेब तो मांडतो. आणि मांडताना ज्याला एरवी कोणी पक्षकार म्हणून उभे करत नाही त्या जंगलाला वादीच्या जागेवर आणून बसवतो. त्यातले देव, शाप आणि बोलणारी जनावरे ही सगळी मांडणी या एका कामासाठी आहे. पालघर, बोईसर आणि तारापूरच्या वाचकाला या चित्रपटाची ओळख करून द्यावीशी वाटते ती याचसाठी. इथल्या माणसाला त्यातला वाद समजावून सांगावा लागणार नाही.

कथेची सुरुवात पाहावी. काळ साधारण मुरोमाची, म्हणजे जपानचे मध्ययुग संपत आलेले. पूर्वेकडच्या डोंगरात दडून राहिलेल्या एमिशी लोकांच्या गावावर एक प्रचंड रानडुक्कर चाल करून येते. त्याच्या अंगभर काळ्या-तांबड्या किड्यांसारखे काहीतरी वळवळते आहे, आणि ते जिथे पाय ठेवते तिथले गवत जळून जाते. ते मुळात डुकरांचा देव आहे, नागो नावाचा. आता पिसाळला आहे. गावचा तरुण आशिताका त्याला आधी हात जोडून विनवतो, राग आवर म्हणतो. ते ऐकत नाही, गावातल्या पोरींच्या अंगावर धावते, तेव्हा तो बाण मारतो. देव मरतो, पण मरता मरता आशिताकाच्या उजव्या हाताला त्याचा स्पर्श होतो आणि तिथे एक डाग उमटतो. हा डाग हळूहळू हाडापर्यंत जाणार आणि त्याचा जीव घेणार. गावची वृद्ध भगतीण मेलेल्या देवाच्या अंगातून निघालेली एक लोखंडी गोळी सगळ्यांसमोर ठेवते. गोळी पश्चिमेकडून आली आहे. तिकडे जाऊन डोळे उघडे ठेवून पाहा, एवढेच ती त्याला सांगते. आशिताका केस कापतो, म्हणजे गावाला मेला, आणि रात्रीच निघतो. या गावाने कोणाचे जंगल तोडले नव्हते, लोखंड वितळवले नव्हते, बंदूक पाहिलीही नव्हती. गोळी सुटली एका मुलखात, वेदनेने वेडे झालेले जनावर धावत सुटले कित्येक डोंगर ओलांडून, आणि शाप लागला भलत्याच माणसाला. पहिल्या दहा-बारा मिनिटांत चित्रपटाने आपला सगळा युक्तिवाद मांडून टाकला आहे. पुढचे दोन तास त्याची उलटतपासणी चालते.

आता तारापूर घ्या. सत्तरच्या दशकात बोईसरला लागून औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे सगळे तिथे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात ही वसाहत देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत सर्वांत वर होती, गुण ९३.६९. या गुणांचा अर्थ वसाहतीच्या फाटकाशी उभे राहून कळत नाही. तो खाडीत उतरतो. कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते, आणि जे केंद्रापर्यंत पोचत नाही ते नाल्यांनी खाडीत येते. मुरबे, दांडी, नवापूर, नांदगाव ही गावे मासेमारीवर जगणारी. चिंबोऱ्या, कालवे, निवट्या यांचा हिशेब ठेवणारे कोणतेही खाते नाही. खाडीत उतरणाऱ्या बाईची टोपली भरली की नाही, हाच तिथला हिशेब. शेवटी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली, २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तपशील कायद्याच्या अभ्यासकांनी पाहावेत. इथे महत्त्वाचे आहे ते वादाचे रूप. ज्याच्या ताटातला मासा गेला तो त्या कारखान्याचा कामगार नाही, मालक नाही, गिऱ्हाईकही नाही. त्याचा आणि त्या रसायनाचा संबंध एवढाच, की पाणी उताराच्या दिशेने वाहते. आशिताकाच्या हातावरचा डाग हा अद्भुतकथेतला शाप वाटतो खरा. पण हानी करणारा आणि हानी सोसणारा यांच्यामधले अंतर दाखवायला याहून नेमके चित्र अहवालांच्या भाषेत सापडणे कठीण आहे.

अद्भुताची गरज पडते ती इथेच. प्रकल्प येतो तेव्हा आपल्याकडे जनसुनावणी होते. वाढवण बंदराची ती जानेवारी २०२४ मध्ये पालघरला झाली. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या त्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणीही झाली. अशा सुनावणीत मंडप असतो, बंदोबस्त असतो, माइक असतो, बोलणाऱ्याचे नाव-गाव लिहून घेतले जाते. मच्छीमार बोलतो, बागायतदार बोलतो, नोकरीची आशा असलेला पदवीधर बोलतो. किनाऱ्यालगतचा खडकाळ भाग, जिथे मासा अंडी घालतो, तो बोलू शकत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो तज्ज्ञ, आणि तज्ज्ञ दोन्ही बाजूंना मिळतात. मियाझाकी ही अडचण एका फटक्यात सोडवतात. त्यांच्या जंगलाला तोंड आहे. मोरो नावाची लांडगीण मोजून-मापून, खवचटपणे बोलते. दूर क्यूशूहून आलेला आंधळा, म्हातारा रानडुक्कर ओक्कोतो आपल्या कुळाची उंची पिढीगणिक कमी होत चालल्याची, बुद्धीही खुजी होत चालल्याची खंत सांगतो. हे ऐकताना आपण परीकथा ऐकत नाही, साक्ष ऐकतो. वाचा मिळाली की माणूस साक्षीदाराला प्रश्न विचारू लागतो, त्याचे खोटे पकडू लागतो, त्याची बाजू तोलू लागतो. मुक्या निसर्गाची फक्त कीव करता येते, आणि किवेला खर्च नसतो.

आणि हे साक्षीदार काही साधुसंत नाहीत, ही या चित्रपटाची दुसरी मोठी गोष्ट. वानरे रात्री येऊन तोडलेल्या डोंगरावर झाडे लावतात. पण माणसाची ताकद अंगी यावी म्हणून जखमी आशिताकाचे मांस खायलाही मागतात. डुकरे अभिमानी आणि हेकट आहेत. सापळा आहे हे ठाऊक असून ती सरळ तोफांवर धावून जातात आणि कुळेच्या कुळे संपतात. लांडगे आणि डुकरे यांचे आपसात पटत नाही. लांडग्यांनी वाढवलेली माणसाची पोर सान सूडाने पेटलेली आहे आणि तिच्या सूडात गाडीवानांचा, साध्या हमालांचा जीव जातो. या सगळ्यांच्या वर आहे शिशिगामी, वनाचा देव. दिवसा तो माणसासारख्या चेहऱ्याच्या हरणासारखा, रात्री आभाळाला टेकलेला. तो पाऊल टाकतो तिथे रोपे उगवतात आणि त्याच क्षणी सुकतात. तो अक्षरही बोलत नाही. कोणाची बाजू घेत नाही, आपल्या भक्तांचीही नाही. नवसाला पावणे हा प्रकारच त्याच्याकडे नाही. हे सगळे पाहिल्यावर चित्रपटाला निसर्गपूजा म्हणणे कठीण होते. जंगल पवित्र आहे म्हणून वाचवा, असे तो कुठेही म्हणत नाही. जंगल आहे, त्याला राग आहे, त्याला मरण आहे, एवढेच म्हणतो.

मग पलीकडची बाजू. आशिताका पश्चिमेला पोचतो तेव्हा आपल्याला वाटते की आता खलनायक दिसणार. दिसते ती एबोशी, लोखंडाच्या वस्तीची मालकीण. ही वस्ती लाकडी कूड घातलेल्या किल्ल्यासारखी, तळ्याकाठी. मध्ये प्रचंड भट्टी, आणि तिचा भाता बायका पायांनी चालवतात. हा भात्याचा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. दोरीला धरून उभ्या असलेल्या बायकांची एक रांग फळीवर भार टाकते, फळी खाली जाते, समोरची रांग वर येते, मग उलटे. घामाने निथळलेल्या बायका गाणे म्हणतात आणि परक्या देखण्या पोराची टिंगल करतात. आशिताका एका बाईला बाजूला करून स्वतः फळीवर चढतो आणि थोड्याच वेळात त्याला कळते की हे काम किती कठीण आहे. एकदा भट्टी पेटली की चार-चार दिवस रात्रंदिवस भाता थांबत नाही. तो विचारतो, इथले जगणे अवघड आहे ना? बायका सांगतात, खालच्या गावापेक्षा फार बरे. पोटभर जेवायला मिळते आणि पुरुष माज करत नाहीत. या बायका कुंटणखान्यांना विकलेल्या होत्या. एबोशीने त्यांचे पैसे मोजून त्यांना सोडवून आणले.

त्याहून पुढची पायरी तिच्या खासगी बागेत आहे. तिथे अंगभर पट्ट्या गुंडाळलेली कुष्ठरोगी माणसे नव्या, हलक्या बंदुका घडवत असतात. त्यातला एक तर उठूही शकत नाही. तो आशिताकाला विनवतो की तिला मारू नकोस. आमचे सडलेले मांस धुऊन पट्ट्या बांधणारी, आम्हाला माणूस म्हणणारी तीच एकटी. आनंदवन ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला या प्रसंगाचे वजन वेगळे सांगायला नको. जपानी प्रेक्षकाला ते आणखी जड गेले असणार, कारण कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवणारा कायदा तिथे १९९६ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या आदल्याच वर्षी रद्द झाला होता. मियाझाकींवर इतिहासकार अमिनो योशिहिको यांच्या लेखनाचा प्रभाव होता. जपानचा इतिहास म्हणजे भातशेती करणारा शेतकरी आणि तलवारीचा सामुराई एवढाच नव्हे, हे अमिनोंनी मांडले. चित्रपटात सामुराई आहेत, पण ते लुटारू म्हणून. कथा चालते ती भाता मारणाऱ्या बायका, बैलांवर तांदूळ लादून आणणारे गाडीवान, लोहार आणि रोगी यांच्यावर.

म्हणून वस्तीचा लोभ हा लोभ राहत नाही, ती पोटाची गोष्ट होते. आणि इथेच पालघरच्या प्रेक्षकाची खरी परीक्षा आहे. जंगलाचा आणि दर्याचा कैवार घेणे सोपे आहे. जव्हार-मोखाड्याकडे पाहिले की ते तितके सोपे राहत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा आजूबाजूला जंगलच होते. दिवाळी सरली की वीटभट्टीवर आणि रेतीच्या कामावर बिऱ्हाड घेऊन जाणारे कुटुंब आहे, तसे बोईसरच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबणारे उत्तर प्रदेश-बिहारचे, ओडिशाचे मजूरही आहेत. त्यांच्याकडे जाऊन ‘हे सगळे बंद करा’ म्हणणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. जंगलातले जुने जीवन गोड होते, हेही खरे नाही. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारली उठले ते वेठबिगारी आणि लग्नगडीच्या विरोधात, आणि ती गुलामगिरी याच हिरव्या डोंगरांच्या सावलीत चालली होती. वारल्यांच्या वाघदेवाने, वाघोबाने, ती मोडली नाही, संघटनेने मोडली. एबोशी देवांना मानत नाही, कारण तिने ज्यांना सोडवले त्यांना कोणत्याही देवाने सोडवले नव्हते. तिची बाजू इतकी भक्कम करून मगच मियाझाकी तिच्या हातात बंदूक देतात.

तुलना इथवर आणून थोडी सैल करायला हवी, नाहीतर ती खोटी होईल. आशिताका ती लोखंडी गोळी एबोशीसमोर धरतो तेव्हा ती क्षणभरही हात वर करत नाही. गोळी माझीच, ती म्हणते. त्या मूर्ख डुकराने शाप द्यायचा तर मला द्यायला हवा होता. आशिताकाचा शापित उजवा हात आपोआप तलवारीकडे जातो आणि तो डाव्या हाताने त्याला दाबून धरतो. तिला मारून शाप फिटणार असता तर मारले असते, पण हा हात तेवढ्यावर थांबणार नाही, हे त्याला कळते. संबंध चित्रपटात मला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. गुन्हेगार समोर आहे, कबुली देतो आहे, आणि तरी त्याला शिक्षा केल्याने हानी भरून येत नाही. तारापुरात गोष्ट इथवर येतच नाही. एबोशी आपल्या वस्तीत राहते, भट्टीचा धूर आपल्या छातीत घेते, प्रत्येक बाईला नावाने ओळखते. औद्योगिक वसाहतीतला मालक बहुधा मुंबईला राहतो, कामगार ठेकेदाराचा असतो, आणि रात्री नाल्यात रिकामा झालेला टँकर कोणाचा हे सकाळी कोणालाच ठाऊक नसते. एबोशीसारखा प्रतिस्पर्धी मिळणे ही चैन आहे.

या चित्रपटावरचा नेहमीचा आक्षेप असा की तो दोन्ही डगरींवर हात ठेवतो. जंगलही बरोबर, भट्टीही बरोबर. म्हणजे शेवटी कोणीच जबाबदार नाही. समजूतदारपणाच्या नावाखाली सुटका करून घेणारी ही कलाकृती आहे, असे एखादा चळवळीतला कार्यकर्ता म्हणेल, आणि त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. पण चित्रपट पुन्हा पाहिला तर दिसते की दोषाची वाटणी अजिबात सारखी नाही. शिशिगामीचे शीर एबोशीला स्वतःसाठी नको आहे. ते हवे आहे राजधानीतल्या बादशहाला, कारण त्या शिरात अमरत्व आहे अशी समजूत. त्यासाठी जिगो नावाचा गोडबोल्या भिक्षू फिरतो आहे. त्याच्याकडे फर्मान आहे, शिकारी आहेत, बंदूकधारी आहेत. त्याने एबोशीला बंदूकधारी पुरवले, बदल्यात तिने देव मारायचा. शेजारचा सरदार आसानो लोखंडावर टपलेलाच आहे. वस्तीतले लढवय्ये देवाच्या शिकारीला गेल्याची संधी साधून तो हल्ला करतो, आणि वस्ती लढवायला उरतात त्या बायका आणि रोगी. म्हणजे समोरासमोर लढतात दोघे गरजू, आणि ज्याला काहीच कमी नाही तो पडद्यावर एकदाही येत नाही. बादशहाचा चेहरा आपण पाहतच नाही. ही तटस्थता नव्हे. हा आरोप आहे, फक्त बोट दाखवण्याची दिशा वर आहे.

पालघरच्या नकाशावर ही दिशा स्पष्ट दिसते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र, आणि त्या विजेचा वाटा महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांचा. पुढे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. सूर्या प्रकल्पाचे पाणी याच जिल्ह्यातल्या शेतीसाठी म्हणून अडवले गेले. आता त्यातले ४०३ दशलक्ष लिटर रोज वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला पोचवणारी योजना आहे. मुरब्याचा मच्छीमार आणि बोईसरचा ठेका कामगार एकमेकांकडे संशयाने पाहतात. एकाला वाटते दुसरा समुद्र नासवतो, दुसऱ्याला वाटते पहिला आपली भाकरी बंद करायला निघाला आहे. दोघांच्या भांडणात शहरातल्या दिवाणखान्यातला पंखा मात्र फिरत राहतो. एवढे डोक्यात ठेवून जिगोच्या वाट्याला आलेली दृश्ये पाहावीत. तो चित्रपटातला सर्वांत हसरा माणूस आहे. कोणाचा द्वेष करत नाही, कोणावर चिडत नाही, आणि सगळी नासाडी त्याच्या पिशवीतल्या एका कागदावर चालते.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतून येतो आणि तो जास्त धारदार आहे. आपल्याकडे वाघोबा असताना जपानी लांडग्यांचे कौतुक कशाला? पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या पट्ट्यात वारल्यांची वाघोबाची ठाणी आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशी दीडशेच्या वर ठाणी नोंदवली आहेत. लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. वाघबारशीला त्याला कोंबडे-बकऱ्याचा मान द्यायचा, त्याने वर्षभर गुराढोरांना आणि माणसांना सांभाळायचे. बिबट्याने शेळी उचलली तर वाघोबाची चूक नसते, आपल्या हातून काहीतरी चुकलेले असते. हा भाबडा भक्तिभाव नव्हे, व्यवहार आहे. दोन्ही पक्षांना अटी आहेत, आणि करार दर वर्षी नव्याने होतो. अशा बाबतीत वारली मियाझाकींच्या पुढे आहेत, हे निःसंकोच मान्य करावे. ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये करारच नाही, शिशिगामीशी देणेघेणे कोणालाच जमत नाही. पण म्हणूनच तो चित्रपट इथे लागतो. वाघोबाचा करार शेळीपुरता आहे. तो बिबट्याशी होतो, रासायनिक सांडपाण्याशी होत नाही, ताशी ३०० किलोमीटरहून वेगवान गाडीशी होत नाही. जुना करार जिथे पोचत नाही तिथे काय होते, ते या चित्रपटात आहे. शिवाय कलेच्या येण्या-जाण्याला एवढे कडेकोट ठेवायचे कारण नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे जपानच्या निइगाता प्रांतातल्या मिथिला संग्रहालयाने केव्हाच आपल्या भिंतींवर नेली आहेत. तिकडून एक चित्रपट इकडे आला तर हिशेब फार बिघडत नाही.

जपानहून येणारी दुसरी गोष्टही विसरता येत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानी तंत्राने आणि जपानी कर्जावर उभी राहते आहे. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गावर विरार आणि बोईसर ही दोन स्थानके याच जिल्ह्यात आहेत. तिच्यासाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली वीस हजारांच्या घरातली कांदळवनातली झाडे तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. जपानी वनदेवाने हळवे व्हायचे आणि जपानी कर्जाने कांदळवन तोडायचे, हा विरोधाभास दाखवून चित्रपटाला ढोंगी ठरवणे अगदी सोपे. पण चित्रपट म्हणजे जपान सरकारचे माहितीपत्रक नव्हे. मियाझाकी ज्या लोखंडाबद्दल बोलतात ते त्यांच्याच देशाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतले, नदीतल्या लोहवाळूतून आणि टनावारी कोळशातून निघालेले. ज्या देशाने सर्वांत वेगवान गाडी बनवली त्याच देशातल्या एका माणसाला त्या वेगाच्या मुळाशी जाऊन हिशेब मागावासा वाटला, ही गोष्ट बोईसरच्या स्थानकावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला उपयोगाचीच आहे.

मला पटलेला आक्षेप एकच आहे आणि तो टाळू नये. मियाझाकींच्या जंगलात माणसे राहत नाहीत. तिथे देव आहेत, जनावरे आहेत आणि एक सान आहे. कंद खणणारी म्हातारी नाही, मोहाची फुले वेचणारी पोरे नाहीत. यामुळे वाद स्वच्छ होतो, देखणा होतो, पण पालघरचा वाद तसा नाही. इथे जंगल म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेला दावा, सातबाऱ्यावर नाव लागेल की नाही याची धाकधूक, आणि वनखात्याच्या माणसाशी चाललेली जुनी ओढाताण. इथे जंगल तोडून कोळसा पाडणाऱ्यांत खुद्द जंगलात राहणारे कातकरीच होते. भट्टी ठेकेदाराची, हात त्यांचे. म्हणजे सान आणि भाता मारणारी बाई ही इथे एकाच घरातली, कधी कधी एकच बाई असते. चित्रपटाला हा माणूस दिसला नाही. आशिताका थोडासा त्याच्या जवळ जातो, कारण तोही हुसकलेल्या जमातीचा आहे; पण तो पाहुणा आहे, रहिवासी नाही. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ पाहून आदिवासी म्हणजे वनाचा मूक राखणदार, अशी गुळगुळीत समजूत घेऊन कोणी बाहेर पडला तर चूक प्रेक्षकाची असली तरी तिला वाव चित्रपटानेच दिला आहे.

शेवटाबद्दल थोडेच सांगतो, कारण ज्याने पाहिला नाही त्याची मजा घालवायची नाही. देवाचे शीर उडते, डोंगर मरतो, पुन्हा हिरवा होतो. पण तो गवताचा हिरवा आहे, जुने रान गेले ते गेले. एबोशीचा एक हात जातो. आशिताकाच्या हातावरचा डाग फिका होतो, जात नाही. सान त्याला सांगते की तू आवडतोस, पण माणसांना मी क्षमा करू शकत नाही. लग्न नाही, समेट नाही. ती जंगलात परतते आणि तो पडलेली वस्ती उभारायला एबोशीच्या लोकांत राहतो. अधूनमधून भेटायला येईन म्हणतो. काहींना हा शेवट अर्धवट वाटतो. मला त्यातला आशिताकाचा निर्णय चित्रपटातला सर्वांत अवघड आणि सर्वांत खरा वाटतो. ज्याला त्या भट्टीच्या गोळीने शाप दिला तोच तिथे राबायला थांबतो. शेवटची वीस मिनिटे मात्र घाईची झाली आहेत. दैत्याकार रूप, धावपळ, आरडाओरडा यांत आधीच्या वादाचा नेमकेपणा काही काळ हरवतो, हे कबूल केले पाहिजे.

‘कार्टून आहे, पोरांना दाखवू’ असे समजून कोणी हा लावू नये. पहिल्या अर्ध्या तासातच बाणाने सामुराईंचे हात आणि मुंडकी उडतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला झोप लागणार नाही. आठवी-नववीच्या पुढे हरकत नाही. सुमारे १,४४,००० सेलांवर, बहुतांश हाताने रंगवलेला हा चित्रपट आहे, तेव्हा मोबाइलवर पाहून त्याची पाने, पाऊस आणि शेवाळ कळणार नाही. शाळेचा प्रोजेक्टर असेल तर उत्तम. जपानी आवाज ठेवून उपशीर्षकांसह पाहावा. इंग्रजी आवृत्तीचे संवाद नील गेमन यांनी चांगले लिहिले आहेत, पण मोरोचा आवाज जपानीत एका पुरुष कलावंताने दिला आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्यांदा पाहताना ती लोखंडी गोळी कोणाकोणाच्या हातात जाते आणि प्रत्येकजण तिच्याकडे पाहून काय म्हणतो, तेवढे टिपून ठेवावे. पाहणे झाल्यावरच्या चर्चेला त्याहून अधिक काही लागत नाही.